खुंटीवरचं कुलूप

"तुमचं भूत परत आलंय, मॅडम. उतरवा ते."

श्रोत्री साहेबांनी मान वर न करताच हे सांगितलं. त्यांच्या केबिनमध्ये मी दिवाळीनंतर पहिल्यांदा पाऊल टाकत होते. मला भंगार यार्डातल्या वजनकाट्यावरून जीप पाठवून बोलावून आणलं होतं, म्हणजे घोडं कुठेतरी चांगलंच अडलं होतं. एरवी वजनकाट्यावरच्या माणसाला जीप पाठवायची पद्धत आमच्या फाउंड्रीत नव्हती.

"परत म्हणजे?" मी विचारलं. "गेलं कधी होतं?"

साहेब स्क्रीनकडे बघत राहिले. दाराशी पहिल्या पाळीचे इनचार्ज पोवार उभे होते. त्यांच्या हातात लांब दांड्याचा, कुलपं तोडायचा कटर होता. टेबलावरचा फोन स्पीकरवर होता आणि त्यातून कोणाच्या तरी कीबोर्डची टकटक ऐकू येत होती.

मी साहेबांच्या खुर्चीमागे जाऊन स्क्रीन बघितली. वाळूच्या मिक्सरची ऑर्डर अडली होती. खाली लाल पट्टीत मीच कधीकाळी लिहिलेलं वाक्य होतं. बाकीचं सगळं सॉफ्टवेअर इंग्रजीत असताना मी ते मुद्दाम मराठीत लिहिलं होतं, कारण ते वाचणारी माणसं खाली मोल्डिंग खात्यात होती.

'यंत्रावर कुलूप आहे. कुलूप लावणारा: स. म. चौगले. त्यांना शोधा.'

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी कंपनी बदलली, गाव बदललं, चष्म्याचा नंबर बदलला. राग मात्र जिथल्या तिथे आहे आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

आमची फाउंड्री कोल्हापूरजवळची. ट्रॅक्टरचे, पंपांचे ओतीव भाग करणारी. तिथे एका परदेशी कंपनीचं भलंमोठं सॉफ्टवेअर आलं. खरेदी, साठा, उत्पादन, सगळा कारभार त्यातून चालायचा. ते बसवताना श्रोत्री साहेबांनी आम्हा सगळ्यांना बसवून एकच नियम सांगितला होता आणि केबिनच्या पांढऱ्या फळ्यावर तो कायमच्या शाईने लिहून ठेवला होता: मूळ कोडला हात लावायचा नाही.

नियम बरोबरच होता. असलं सॉफ्टवेअर म्हणजे भाड्याचं घर असतं. भिंतीत खिळे मारायचे नाहीत. पण मालक शहाणा असेल तर तो जागोजागी खुंट्या ठोकून ठेवतो. तुम्हाला काय अडकवायचं ते तिथे अडकवा. म्हणजे ऑर्डर सुटण्याआधी सॉफ्टवेअर क्षणभर थांबतं आणि विचारतं, तुमचं काही म्हणणं आहे? तुमचा प्रोग्रॅम त्या खुंटीला लटकलेला असला तर तो आपलं म्हणणं सांगतो. पुढे कधी मालक येऊन सगळं घर नव्याने रंगवून गेला, म्हणजे नवी आवृत्ती आली, तरी खुंटीवरच्या वस्तूंना धक्का लागत नाही. भिंतीत मारलेले खिळे मात्र तो उपटतो, भोकं बुजवतो आणि निघून जातो.

आमच्या वाळूच्या मिक्सरला अशीच एक खुंटी होती. हा मिक्सर म्हणजे खोलीएवढा लोखंडी पिंप. आत दोन जाडजूड चाकं आणि पाती फिरतात आणि साच्यांसाठीची वाळू माती-पाण्यात कणकेसारखी मळली जाते. पात्यांना वाळूचा थर चिकटला की फिटरला आत उतरून तो ठोकून काढावा लागतो, पाती बदलावी लागतात. संगणकातून ऑर्डर सुटली की मिक्सरला वाळूचं माप जायचं आणि मग चालवणाऱ्याचं हिरवं बटण जागं व्हायचं. ऑर्डर सोडताना सॉफ्टवेअर वाळू आहे का बघायचं, साचे आहेत का बघायचं. आत माणूस आहे का, हे बघणं त्याच्या परदेशी कर्त्यांना सुचलं नव्हतं.

त्यासाठी फिटर लोकांची स्वतःची रीत होती. यंत्रात उतरण्याआधी प्रत्येकाने विजेच्या पॅनेलला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवायची. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. बापाने लावलं असलं तर मुलानेही हात लावायचा नाही. रीत चांगली होती, पण माल निघायची घाई असली की इनचार्ज मंडळी कटर मागवायची. असंच एकदा कोणीतरी कन्व्हेयरचं कुलूप तोडलं आणि आत हात घातलेल्या शिवाप्पाचा उजवा हात कोपरापासून गेला. पंचनाम्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं आलं. शिवाप्पा डाव्या हाताने सही करायला शिकत होता तेव्हा मी त्या खुंटीवर माझा प्रोग्रॅम अडकवला. फिटरने पॅनेलला कुलूप लावलं की संगणकातही आपल्या नावाने लावायचं आणि काम झालं की आपल्याच पासवर्डने काढायचं. तो काढत नाही तोवर ऑर्डर सुटणार नाही. साहेबांची नाही, मालकांची नाही, कोणाचीच नाही.

फिटरांनी माझी आरती केली म्हणाल तर तसं काही झालं नाही. सगळ्यात मोठा वैरी सर्जेराव चौगले. मिक्सरवरचा जुना फिटर, आवाज असा की हलगीची गरज नाही.

"म्याडम, मी फिटर हाय का टायपिस्ट?" तो मला भर कँटीनमध्ये विचारायचा. "हात वाळूनं भरल्यात आन तुमचं ते बटनं दाबत बसायचं. कुलूप काढाय इसरलो की जीप घरला. परवा जेवत्या ताटावरनं उठवून आणलंय मला."

"मग विसरू नका."

"इसरायचं न्हाई म्हणं. बायकूबी येवढं बोलत न्हाई."

पण लावायचा. शिव्या घालत लावायचा आणि विसरला की शिव्या घालत येऊन काढायचा.

दिवाळीच्या आधी मालाची घाई सुरू झाली तेव्हा श्रोत्री साहेबांनी मला बोलावून एक सोय मागितली. "तातडीच्या वेळी इनचार्जला कुलूप काढता आलं पाहिजे." मी नाही म्हटलं. त्यांनी समजावलं, मी नाही म्हटलं. त्यांनी आवाज चढवला, मीही चढवला. पुढच्याच आठवड्यात वजनकाट्यावर 'अनुभवी माणसाची गरज' निर्माण झाली आणि भंगाराच्या ट्रकांची वजनं घ्यायला मला पाठवलं. मी जाताना एकाच गोष्टीचं समाधान घेऊन गेले होते, की माझं कुलूप तरी खुंटीवर शाबूत आहे.

आणि आता साहेब म्हणत होते, परत आलंय.

"हॅलो, मॅडम आल्या का?" फोनमधून आवाज आला. तो पुण्याचा सल्लागार अभिराम होता. साहेबांनी माझ्या जागी आणलेला. "मॅडम, काही नाही, दोनच ओळी आहेत. काल सुट्टीत नवी आवृत्ती चढवली ना, त्यात पुसल्या गेल्या. माझ्या लॉगिनची मुदत संपलीय, नाहीतर मीच केलं असतं. मागच्या वेळी घातल्या होत्या त्याच परत घालायच्या. लिहून घेता?"

"मागच्या वेळी म्हणजे कधी?"

"दिवाळीत. सरांनी सांगितलं होतं."

मला ऐकलेलं समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. या मुलाने माझ्या प्रोग्रॅमला हात लावला नव्हता. मूळ कोडमध्ये जिथे सॉफ्टवेअर थांबून माझ्या प्रोग्रॅमला विचारतं, तेवढ्या ओळी त्याने झाकून टाकल्या होत्या. खुंटीच लिंपून टाकली होती. दिवाळीपासून खाली फिटर लोक संगणकात आपलं नाव घालत होते, पासवर्ड मारत होते, कुलूप लागल्याची हिरवी खूण बघत होते आणि आत उतरत होते. आणि ते कुलूप कशालाच लागलेलं नव्हतं.

"साहेब, तुम्ही मूळ कोडला हात लावलात?" मी फळ्याकडे बघत विचारलं.

"तुमच्या प्रोग्रॅमला कोणी हात लावलेला नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "तो आहे तिथे आहे. तुमचं श्रेय अबाधित आहे. फक्त त्याला हाक मारणं बंद केलं होतं."

"फिटरांना सांगितलं होतंत?"

"कशाला? त्यांची शिस्त बिघडली असती."

हे वाक्य मी अनेक वर्षं मनात घोळवलंय. त्यातला निर्लज्जपणा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते मला अजून सापडलेलं नाही.

"भट्टीत लोखंड तयार आहे, मॅडम," ते पुढे म्हणाले. "वाळू नाही म्हणून साचे नाहीत, साचे नाहीत म्हणून ओतकाम नाही. तुमचा राग नंतर ऐकतो. बसा आणि दोन ओळी घाला. प्रोग्रॅम लिहायची परवानगी सध्या आवारात तुम्हाला एकटीलाच आहे."

त्यांनी खुर्ची रिकामी केली. मी बसले नाही.

"सर्जेराव कुठे आहे?"

"घरी," पोवार म्हणाले. "त्येची दुसरी पाळी हाय. सुट्टीच्या आदल्या दिवशी कुलूप लावलं आन नेहमीसारखं इसरून गेला. तुमाला म्हाईत न्हाई व्हय तो?"

"फोन केलात?"

"केला. उचलत न्हाई."

"जीप पाठवा."

"जीप तुमाला आणाय गेलती न्हवं?"

"मग आता पाठवा. हजेरी बघितलीत? लवकर आला असेल तर?"

"हजेरीचं मशीन सकाळधरनं बंद हाय, त्या नव्या आवृत्तीमुळं. आन तो कशाला लवकर येतोय? वेळंवर येईना झालाय."

मी त्यांच्या हातातल्या कटरकडे बघितलं. "पॅनेलचं कुलूप?"

"तोडलं." पोवारांनी खिशातून सर्जेरावचं कुलूप काढून दाखवलं. पितळी, मोठं, वरची कडी दोन जागी कापलेली. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. मूळ मुद्दा तोच होता. कोणालाच त्यात काही वाटत नव्हतं.

"मिक्सरच्या आत बघितलंत?"

"हाक मारली."

"बघितलंत का?"

"हाक मारली म्हणतोय न्हवं. दोनदा मारली. दार ओढलेलं हाय. आत कोण असतं तर ओ दिली नसती?"

शेजारी साचे झटकायचं यंत्र धडधडत असतं तेव्हा मोल्डिंग खात्यात माणूस स्वतःच्या मनातलं ऐकू शकत नाही, आणि हे दोनदा हाक मारून आले होते. मिक्सर चालू व्हायला आता फक्त दोन गोष्टी राहिल्या होत्या, माझ्या दोन ओळी आणि चालवणाऱ्याचं हिरवं बटण. बाकी सगळं पोवारांच्या कटरने उरकलं होतं.

"मी करणार नाही," मी म्हटलं. "सर्जेराव माझ्यासमोर उभा करा. मग बघू."

"मॅडम," फोनमधून अभिराम म्हणाला, "एक मिनिटाचं काम आहे हो."

"तू गप्प बस."

श्रोत्री साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चिडले की असं करायचे, म्हणजे समोरचा माणूस अंधूक दिसतो आणि बोलायला सोपं जातं. "हा तुमचा अहंकार आहे. कामगारांचं प्रेम वगैरे काही नाही. तुमचा एक प्रोग्रॅम आम्ही बाजूला ठेवला, तो तुम्हाला लागलाय. त्या एका माणसाच्या विसराळूपणापायी सगळा कारखाना उभा आहे. तुम्ही आत्ता हे केलं नाहीत, तर उद्या वजनकाट्यावरही यायची गरज नाही. लिहून देतो."

मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. बायका अशा वेळी रडतात असा त्यांचा अभ्यास होता. मला रडू येत नव्हतं, हात शिवशिवत होते.

"मी कशाला? परवानगी स्वतःच्या नावाने काढा आणि लॉगिन करा. अभिराम सांगेल, तुम्ही टाइप करा, तुम्हीच बटण दाबा," मी म्हटलं. "पण त्याआधी खाली जाऊन त्या मिक्सरमध्ये स्वतःचं डोकं घाला. आणि डोकं आत असताना पोवारांना सांगा, हाक मारा म्हणून."

पोवार जमिनीकडे बघायला लागले. कारखान्याच्या सर्वांत मोठ्या साहेबाशी आमच्याकडे कोणी या भाषेत बोललेलं नव्हतं आणि मीही काही ठरवून बोलले नव्हते. तोंडातून गेलं.

साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. त्यांनी चष्मा उचलला. "चला," ते म्हणाले. "चला माझ्याबरोबर. डोकं घालतो. सगळ्यांच्या देखत घालतो. रिकामा मिक्सर तुम्हाला दाखवतो, आणि मग तिथल्या तिथे तुमचा राजीनामा घेतो. पोवार, चला."

जिन्यावरून ते माझ्यापुढे धाडधाड उतरले. मी मागून. त्यांना खाली नेणारी गोष्ट माणसाची काळजी नव्हती, माझी खोड मोडायची जिद्द होती. म्हणून मी त्यांचे आभार कधीच मानले नाहीत.

मोल्डिंग खात्यातली माणसं हात बांधून उभी होती. साहेबांना बघून वाट झाली. मिक्सरचा चालवणारा हिरव्या बटणापाशी स्टुलावर बसला होता, बटण जागं होण्याची वाट बघत. मिक्सरच्या पोटाला कमरेच्या उंचीवर एक लोखंडी दार असतं. ते ओढलेलं होतं, पण कडी लागलेली नव्हती, उजेडापुरती फट होती.

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी दार खेचलं आणि खांद्यापर्यंत आत वाकले.

आतून आवाज आला.

"उजेड सोडा की वो. कोण हाय त्यो? दिसंना झालंय मला."

साहेब तसेच वाकलेले राहिले. बाहेरून त्यांची फक्त पाठ दिसत होती. मी ती पाठ बघत होते आणि तिच्यात काही हलत नव्हतं. मग ते मागे सरकले. त्यांच्या केसांत वाळू होती. त्यांनी दाराची कड धरून ठेवली होती.

दारातून आधी हातोडी बाहेर आली, मग पान्हा, मग सर्जेराव. कानात कापसाचे बोळे, तोंडाला फडकं, भुवयांवर वाळू. साहेबांना बघून त्याने फडकं खाली ओढलं आणि बोळे काढले.

"नमस्कार साहेब. झालंच हाय. येकच पातं ऱ्हायलंय." सगळ्यांचे चेहरे बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, तो खुलासा द्यायला लागला. "परवा स्टोअरात पाती न्हवती. आज स्टोअर उघाडल्या उघाडल्या घितली आन उतरलो. सांजच्याला पोरीला बघाय पावणं येणार हाईत, लवकर सुटायचंय, म्हटलं पाळीच्या आधीच उरकावं. माझं कुलूप हुतंच की लावल्यालं."

त्याची नजर पॅनेलकडे गेली. तिथे काही नव्हतं. मग ती फिरत फिरत पोवारांच्या हातातल्या कटरवर आली. पोवारांनी खिशातून ते कापलेलं कुलूप काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. दुसरं त्यांना काय सुचणार होतं?

सर्जेरावने कुलूप घेतलं. सदरा वर करून करदोट्याला बांधलेली किल्ली काढली, कुलपात घातली, फिरवली. कापलेली कडी उघडली. त्याने ती पुन्हा बंद केली. मला ते बघवेना.

"ठीक आहे," श्रोत्री साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जाग्यावर यायला लागला होता. "ठीक आहे. कोणाला काही लागलेलं नाही ना? सगळं नीट आहे. गर्दी करू नका. चौगले, ते एक पातं उद्या बसवा. आता वर चला, संगणकातून तुमचं कुलूप काढा, ऑर्डर सोडू. भट्टी थांबलीय."

सगळ्यांचे प्राण कंठाशी आणणारं सकाळभरातलं सगळं त्यांनी तिथल्या तिथे झाडून टाकलं, केसांतल्या वाळूसारखं. माफी नाही, पोवारांना एक शब्द नाही. खालचा संगणक बंद होता म्हणून आम्ही सगळे वर केबिनमध्ये आलो. सर्जेराव कधीच त्या केबिनमध्ये आलेला नव्हता. गालिच्यावर वाळू सांडेल म्हणून तो दाराशीच थांबला, हातात ते कुलूप.

"सर, आहात का?" फोन अजून चालूच होता. अभिराम बिचारा इमानाने थांबला होता. "दोन ओळी सांगू?"

"आता गरज नाही," साहेब म्हणाले. "फिटर सापडलाय. पण अभिराम, त्या ओळी जपून ठेवा. अशी अडचण पुन्हा येणार. काहीतरी कायमची सोय करून घेऊ."

त्यांच्या केसांत अजून वाळू होती. मी ती बघत होते, म्हणून मला हे नक्की आठवतं.

"कसल्या ओळी?" सर्जेरावने विचारलं. साहेबांना नाही, मला.

"मॅडम, तो तांत्रिक विषय आहे," साहेब म्हणाले.

"तांत्रिक काही नाही," मी म्हटलं. मी सर्जेरावकडे वळले आणि त्याला सगळं सांगितलं. खुंटी काय, त्या दोन ओळी काय, दिवाळीपासून तो संगणकात कुलूप लावत होता ते कसं नुसतं चित्र होतं. काल नवी आवृत्ती आली, तिने भिंत नव्याने रंगवली, लिंपलेली खुंटी उघडी पडली, आणि त्यावर लटकलेलं त्याचं कुलूप दिवाळीनंतर आज पहिल्यांदा खरं झालं. "काल ती आवृत्ती चढली नसती, तर पोवारांनी कुलूप तोडल्यावर मिक्सर चालू झाला असता. आणि आता साहेब म्हणतायत, त्या ओळी जपून ठेवा."

"हे अतिरंजित आहे," साहेब म्हणाले.

सर्जेराव बोटं मोजत राहिला. तो हिशोब करत होता, पण पैशांचा नव्हे. दिवाळीपासून आपण आत किती वेळा उतरलो, ते तो आठवत असावा.

"म्हंजे म्या कुलूप काढलं न्हाई, तर आज हे चालू हुत न्हाई," तो शेवटी म्हणाला. "ह्यास्नी बी न्हाई?"

"यांना नाही. मला नाही. कोणालाच नाही."

"बरं." त्याने किल्ली पुन्हा करदोट्याला बांधली, नीट गाठ मारून. "मग मी काढत न्हाई."

"चौगले," साहेब म्हणाले.

"त्या पुण्याच्या पोराला सांगा, माझ्या म्होरं सांगा, वळी पुसून टाक म्हणून. आन पुन्यांदा हात लावणार न्हाई म्हणा, समद्या खात्याम्होरं. मग काढतो." त्याने ते कापलेलं कुलूप साहेबांच्या टेबलावर, फायलींवर ठेवलं. "घाई न्हाई. माझी पाळी दुपारची हाय. मी कँटीनला च्या पितोय."

आणि तो गेला. दाराबाहेर गेल्यावर पुन्हा आत डोकावून मला म्हणाला, "म्याडम, तुमचं ते बटनं दाबायचं काम मला पटत न्हाई ते न्हाईच. पर ऱ्हाऊ दे."

जिन्यावर त्याच्या बुटांचा आवाज उतरत गेला. टेबलावरचा दुसरा फोन वाजला. भट्टीवरून होता. साहेबांनी ऐकलं, "बघतो" म्हणाले आणि ठेवला. लगेच पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी उचलला नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "काहीतरी करा. तुम्ही लिहिलंय ते. तुम्हाला आतली वाट माहीत असणार."

"आतली वाट मी ठेवलीच नाही, साहेब. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं." मी फळ्याकडे बोट केलं. "दुसरी वाट मूळ कोडमधून जाते. आणि मूळ कोडला हात लावायचा नाही."

त्यांनी फळ्याकडे बघितलं. स्वतःचं अक्षर वाचायला त्यांना एवढा वेळ लागायचं काही कारण नव्हतं.

"सर?" फोनमधला अभिराम म्हणाला. "ठेवू का फोन?"

"ठेवू नकोस," श्रोत्री साहेब म्हणाले. "थांब तिथेच. मी... मी त्या माणसाला घेऊन येतो."

कँटीनला जायची वाट मोल्डिंग खात्यातून, मिक्सरच्या अंगावरून जाते. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही हे खरं. पण मला त्यात आनंद झाला असं कोणी समजू नये. मी अजूनही चिडलेलीच होते. मी खिडकीच्या काचेतून बघत होते. साहेब खाली उतरले, रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या मधून गेले आणि मिक्सरपाशी आल्यावर क्षणभर थबकले. दार उघडंच होतं. त्यांनी आत बघितलं नाही. पुढे गेले.

पोवार त्यांच्या मागून निघाले. कटर त्यांच्या हातात होता, सवयीने उचललेला.

"तो इथे ठेवून जा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि कटर टेबलावर, सर्जेरावच्या कुलपाशेजारी ठेवला.